गाडी आपली की भाडं आपलं?

कुंभार पिंपळगावातून मी तुमच्याशी बोलतेय. मी आपल्या भागातल्या बचत गटांची समन्वयक. गटाच्या बैठका, वह्या, कर्जाचे हप्ते आणि अधूनमधून होणारी भांडणं, ही सगळी माझी रोजची कामं. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई आज ट्रक-टेम्पोचं काय घेऊन बसली? सांगते. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मागे एक मोठा वाद झाला होता. वाद असा, की गटांनी मिळून कर्ज काढून पिकअप गाडी घ्यायची का?

अर्ध्या बायका म्हणाल्या, घ्यायचीच. एक मावशी तर उठून उभ्याच राहिल्या. "कामून घेऊ नाही? डाळ आपली, पापड आपले, मिरची आपली, अन् भाडं मातर दुसऱ्याच्या घरात! न्हाई न्हाई, आपली गाडी पाहिजे." दुसऱ्या बाजूच्या म्हणाल्या, गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती. खायला रोज लागतं, काम मात्र रोज नसतं. दोन्ही बाजूंचं मला पटत होतं, म्हणून मी त्या दिवशी निर्णय होऊ दिला नाही. आपण महिनाभर थांबू, माहिती काढू आणि मग बोलू, असं ठरवलं. त्या महिन्यात मी जे शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

पण आधी मावशींचा राग कुठून आला ते सांगते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर आमच्या एका गटाला पुण्याची ऑर्डर मिळाली. बारा क्विंटल तूरडाळ, म्हणजे पन्नास किलोची चोवीस पोती. गटातल्या अकरा बायकांनी रात्रीचा दिवस करून डाळ भरडली, निवडली, पोती शिवली. गाडी ठरवली फोनवर. कोणीतरी एका दलालाचा नंबर दिला, त्याने भाडं सांगितलं, अर्धे पैसे आगाऊ घेतले. संध्याकाळी गाडी आली, माल भरला, गाडी गेली. आम्ही गाडीचा नंबरसुद्धा लिहून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी माल पोचायला हवा होता, तो पोचला चौथ्या दिवशी. वाटेत कुठेतरी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल टाकला होता. दुसऱ्या गाडीची ताडपत्री फाटकी, त्यात पाऊस. तीन पोती भिजली. घेणाऱ्याने ती उतरवूनच घेतली नाहीत. दीडशे किलो डाळ, एकशेवीस रुपयांनी धरली तरी अठरा हजार रुपये. अकरा बायकांत वाटले तर प्रत्येकीचे सोळाशे छत्तीस. कोणाची दिवाळीची साडी गेली, कोणाच्या लेकराची फी गेली. आम्ही दलालाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, बिल्टी कुठंय?" बिल्टी नव्हती. गाडीवाल्याचं नाव विचारलं, तर तो म्हणाला तो आपला माणूस नव्हताच. विषय तिथेच संपला.

तेव्हा मावशींचा राग खोटा नव्हता. पण रागावर गाडी चालत नाही, ती डिझेलवर चालते. म्हणून हा धंदा मुळात आहे काय, आणि त्यातल्या कंपन्या वाढतात कशा, ते आधी समजून घेऊ.

मैत्रिणींनो, माल इथून तिथे नेण्याचा धंदा आपल्या मराठवाड्याला नवा नाही. रेल्वे नव्हती, डांबरी रस्ते नव्हते, तेव्हा लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ मुलखामुलखांत फिरवत. जाताना धान्य, येताना मीठ. हे जाताना-येतानाचं लक्षात ठेवा, ते पुढे कामाला येणार आहे. मग १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली, जालन्याला स्टेशन आलं, मोंढ्यातला माल वॅगनमधून जायला लागला. त्यानंतर ट्रकचा जमाना आला.

या सगळ्या काळात एक माणूस मात्र कायम राहिला. आपल्याकडे त्याला हुंडेकरी म्हणतात. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना हा शब्द माहीत असेल. हुंडेकरी म्हणजे माल पोचवण्याचा ठेका घेणारा. त्याच्याकडे स्वतःची गाडी असेलच असं नाही. व्यापाऱ्याकडे माल असतो, गाडीवाल्याकडे गाडी असते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. हुंडेकऱ्याला दोघांचा पत्ता असतो. आज आपण त्याला ट्रान्सपोर्टवाला किंवा दलाल म्हणतो. दलाल शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण नीट पाहिलं तर तो माहिती विकत असतो. कोणत्या गावाहून कोणती गाडी रिकामी परत येणार आहे, कोणता ड्रायव्हर भरवशाचा आहे, कोणत्या हंगामात भाडं चढतं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. ऊसतोड सुरू झाली की सगळी वाहनं कारखान्याकडे वळतात. मोसंबीचा हंगाम आला की दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांना मागणी वाढते. ज्याला हे आधी कळतं, त्याला कमिशन मिळतं.

आता तुम्हाला एका ट्रकची गोष्ट सांगते. हायवेवर तुम्ही व्हीआरएल अशी पाटी असलेले ट्रक पाहिले असतील. ही कंपनी विजय संकेश्वर यांनी सुरू केली. संकेश्वर हे बेळगाव जिल्ह्यातलं, मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचं गाव, तेच त्यांचं आडनाव. घर मात्र उत्तर कर्नाटकातल्या गदगचं, आणि घरचा धंदा पुस्तकं छापण्याचा. ट्रकशी घराचा काही संबंध नव्हता. १९७६ मध्ये त्यांनी एक ट्रक घेतला. फक्त एक. दोनेक वर्षांत गदग सोडून ते हुबळीला आले, कारण हुबळी हे व्यापाराचं गाव, चारी बाजूंचे रस्ते तिथे मिळतात. १९८३ मध्ये कंपनी स्थापन केली. १९९६ मध्ये प्रवासी बसगाड्या सुरू केल्या. २०१५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. २०२० मध्ये संकेश्वर यांना पद्मश्री जाहीर झाली. आज कंपनीकडे स्वतःच्या पाच हजारांहून जास्त मालगाड्या आहेत. पन्नास वर्षांत एकाचे पाच हजार!

हे ऐकून आमच्या मावशी लगेच म्हणाल्या, "बघा, एका गाडीपासून झालं का न्हाई?" झालं, मावशी. पण कसं झालं ते पाहू. ट्रक तर हजारो लोक घेतात. बहुतेकांचा एकच राहतो, आणि कित्येकांचा तोही फायनान्सवाले ओढून नेतात. मग इथे काय वेगळं झालं?

पहिली गोष्ट, त्यांनी पार्सलवर भर दिला. म्हणजे एका व्यापाऱ्याचा ट्रकभर माल नाही, तर पन्नास जणांचे लहान लहान नग एकत्र करून ट्रक भरायचा. सुरुवातीला बेंगळुरू, हुबळी, बेळगाव या ठरलेल्या वाटेवर. ट्रकभर माल देणारा मोठा व्यापारी भाडं घासून घासून कमी करतो. पण ज्याचं एकच खोकं आहे, त्याला अख्खी गाडी परवडत नाही. तो किलोमागे थोडे जास्त पैसे आनंदाने देतो, कारण त्याचं काम होतं. लहान माणसाचा लहान माल नीट नेला, यावर मोठी कंपनी उभी राहिली. आपल्या गटांचा माल म्हणजे असाच लहान माल आहे, हे ध्यानात घ्या.

दुसरी गोष्ट, ठरलेली वाट आणि दोन्ही टोकांना स्वतःचं ऑफिस. गाडी जाताना भरलेली, येतानाही भरलेली. लमाणांच्या तांड्याचंच गणित ते. रिकामी परतणारी गाडी डिझेल भरलेल्या गाडीइतकं नाही, तरी बरंच खाते, टायर झिजवते, ड्रायव्हरचा पगार घेते आणि एक रुपया देत नाही.

तिसरी गोष्ट, देखभाल स्वतःच्या हातात ठेवली. हुबळीजवळ वरूरला कंपनीचा मोठा तळ आहे, गाड्यांची दुरुस्ती बरीचशी तिथेच होते. आपणही घरात तेच करतो. शिवणयंत्राला तेल वेळेवर घातलं तर मेकॅनिक बोलवावा लागत नाही.

ही झाली गाड्या घेऊन वाढलेली कंपनी. आता दुसरी गोष्ट ऐका, ती याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा म्हणून थंड मुलूख आहे. तिथल्या ग्रँड फोर्क्स गावात १९०५ साली सी. एच. रॉबिन्सन नावाची एक पेढी निघाली. तिचा धंदा काय, तर भाजीपाला आणि फळांची दलाली. म्हणजे आपल्या मोंढ्यातल्या आडत्यासारखंच काहीतरी. फळं नाशवंत, वेळेत पोचली नाहीत तर फेकून द्यायची. म्हणून ज्याला फळं विकायची, त्याला वाहतूक जमवावीच लागते. फळं जमवता जमवता ते गाड्या जमवायला शिकले. १९८० मध्ये अमेरिकेत ट्रक वाहतुकीवरची सरकारी बंधनं सैल झाली आणि या कंपनीने गाड्या जुळवून देण्याचं काम जोरात वाढवलं. आज ती तिथल्या सगळ्यात मोठ्या मालवाहतूक दलालांपैकी एक आहे. गंमत अशी, की तिचा धंदा स्वतःच्या ट्रकांवर चालत नाही. गाड्या दुसऱ्यांच्या, माल दुसऱ्यांचा. कंपनीचं काय, तर ओळख, वही आणि शब्द.

आपल्या देशातही असं झालंय. २०१५ मध्ये बेंगळुरूत ब्लॅकबक नावाची कंपनी सुरू झाली. ट्रकमालकाने मोबाईलवर पाहायचं, कुठे माल आहे, आणि माल असणाऱ्याने पाहायचं, कुठे गाडी आहे. अड्ड्यावरच्या चहाच्या टपरीवर जे काम चालायचं, ते मोबाईलवर आलं. पुढे टोलचे फास्टॅग, डिझेलचे पैसे, हेही त्याच ॲपमधून. २०२४ च्या नोव्हेंबरात तिचेही शेअर बाजारात आले. नऊ वर्षांत!

हा धंदा एवढ्यात का फोफावला, त्याला कारणंही आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके उठले. ट्रक तासन् तास उभे राहायचे, ते कमी झालं. २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. जालन्याजवळ ड्रायपोर्टचं भूमिपूजन २०१५ च्या डिसेंबरात झालं, म्हणजे समुद्रावरच्या बंदराचं काम जमिनीवर करायची सोय. बिया-बियाणं आणि लोखंडी सळई यांसाठी जालना देशात ओळखलं जातं, आपल्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यात मालही आहे आणि वाटही आहे. प्रश्न एवढाच, की यातलं आपल्या गटापर्यंत काय पोचतं?

तर मैत्रिणींनो, माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक, गाडी आपली. दुसरी, भाडं आपलं, म्हणजे गाडी दुसऱ्याची आणि जुळवाजुळव आपली. मी वही घेतली आणि गणित मांडलं. तुम्हीही मनात मांडा.

समजा पिकअप सगळं धरून दहा लाखांना पडली. दोन लाख आपण भरले, आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी. व्याज दहा टक्के धरलं तर हप्ता सतरा हजारांच्या घरात. ड्रायव्हरचा पगार बारा हजार. विमा, कर, सर्व्हिसिंग, टायर यांचे महिन्याला सहा हजार बाजूला ठेवायला हवेत. झाले पस्तीस हजार. गाडी जागची हलली नाही तरी हे पस्तीस हजार द्यायचेच. आता जालन्याला एक खेप केली, साडेतीन हजार भाडं मिळालं, डिझेल आणि किरकोळ खर्च जाऊन अडीच हजार हातात राहिले. म्हणजे पस्तीस हजार भागायला चौदा खेपा. त्यात नफा शून्य. पण येताना दीड हजाराचं परतीचं भाडं मिळालं तर एका खेपेला चार हजार राहतात, आणि नऊ खेपांत खर्च निघतो. बघा, परतीच्या भाड्याने पाच खेपांची मेहनत वाचवली.

मग आम्ही महिनाभर नोंद ठेवली. एक साधी दोनशे पानी वही. चौदा गटांतल्या बायकांनी सांगायचं, या आठवड्यात कोणाचा काय माल कुठे गेला, कशाने गेला, किती पैसे पडले. सुरुवातीला सगळ्या कंटाळल्या. "आता पोत्याचा बी हिशोब द्यायचा का?" म्हणाल्या. पण महिना संपला आणि वही वाचली, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. गाडी पूर्ण भरेल असा माल महिन्यात फक्त सहा वेळा निघाला होता. सहा! आणि गाडीला हव्यात चौदा खेपा. गाडी घेतली असती तर आम्ही बुडालो असतो.

पण वहीत दुसरंही दिसलं. दोन पोती, तीन पोती, एक खोकं, असा किरकोळ माल एक्केचाळीस वेळा गेला होता. कोणी काळीपिवळीच्या टपावर टाकला, कोणी रिक्षा केली, कोणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर बांधून पाठवला. एकाच दिवशी, एकाच गल्लीतून, दोन बायकांनी जालन्याला वेगवेगळ्या गाड्या केल्या होत्या. एकमेकींच्या शेजारी राहतात, पण विचारलं नाही. व्हीआरएलची गोष्ट आठवा, किरकोळ माल एकत्र करणं. ते काम तर आपल्यालाही जमेल.

आता गाडी कोणाची? इथे मी थोडं मनातलं सांगते. आमच्या एका गटात एक वैनी आहेत. त्यांचे मालक पिकअप चालवायचे. दीड वर्षापूर्वी ते आजारपणात गेले. गाडी दारात उभी राहिली. हप्ता अकरा हजारांचा, नऊ हप्ते शिल्लक. वैनी घरीच शिलाई करून दोन लेकरं सांभाळतात. भाऊबंद म्हणत होते, गाडी फुंकून टाक, मिळेल त्या किमतीला. एक जण तर निम्म्या किमतीत मागत होता. वैनी बैठकीत कधी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी वही वाचून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तुम्ही नवी गाडी कामून घेता? माझी उभीच हाये की. भाडं तेवढं द्या, मी दुसरं काही मागत न्हाई."

खोलीत कोणी बोलेना. गाडी पाहिजेच म्हणणाऱ्या मावशी उठल्या आणि वैनींच्या शेजारी जाऊन बसल्या. आमचा निर्णय तिथेच झाला.

ठरलं असं. आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गाडी जालन्याला जाणार. ज्यांचा माल असेल त्यांनी आदल्या संध्याकाळपर्यंत वहीत नोंद करायची. भाडं पोत्यावर. गाडी चालवायला वैनींचा भाचा, त्याच्याकडे लायसन्स आहे, त्याला खेपेवर पैसे. पोत्यामागे पाच रुपये ग्रामसंघाच्या खात्यात, कारण नोंद ठेवणं, फोन करणं, पावती फाडणं, हे काम आहे, आणि कामाला मोल असतं. म्हणजे आम्हीही हुंडेकरीच झालो की! येताना काय आणायचं, यासाठी मी आणि दोघी जणी गावातल्या दुकानदारांना भेटलो. किराणा, कृषी सेवा केंद्राचा माल, आमच्याच गटांची पॅकिंगची पाकिटं. दोन दुकानदार लगेच हो म्हणाले, बाकीच्यांनी नंतर बघू म्हटलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. पहिल्या महिन्यात एकदा गाडी पंक्चर होऊन रात्री उशिरा आली आणि दुकानदार रागावला. एका बाईने वहीत न लिहिता चार पोती आणली आणि जागाच नाही म्हणून भांडण झालं. एकीच्या नवऱ्याने विचारलं, बायका अड्ड्यावर जाऊन भाडं ठरवणार का आता? त्या बाई म्हणाल्या, "मोंढ्यात डाळ विकताना चालते, मग भाडं ठरवताना कामून चालत न्हाई?" त्याला उत्तर सुचलं नाही. आम्हाला भरवसा जास्तीच्या पैशापेक्षा नेमाने आला. ठरलेल्या दिवशी गाडी निघते, माल असो कमी की जास्त, हे लोकांना कळलं. मग माल वाढला. महिन्याला आमच्या आठ खेपा होतात, बाकीचे दिवस वैनी बाहेरची भाडी घेतात. हप्ते वेळेवर जाताहेत. गाडी विकायचा विषय बंद झाला.

आता ज्या मैत्रिणी माल बाहेर पाठवतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी. कागद-पेन घेऊन बसा.

पहिली, बिल्टीशिवाय माल देऊ नका. माल वाहून नेणाऱ्यांसाठी आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, २०११ पासून तो लागू आहे. वाहतूकदाराने मालाची पावती द्यायची असते. मालाची किंमत त्यावर लिहून घ्या. किंमत जाहीर केलेली नसेल तर नुकसानीची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. आमचं भाडं किती आणि डाळ किती किमतीची, हे आठवलं की आजही छातीत कळ येते. आणि नुकसान झालं तर माल बुक केल्यापासून एकशेऐंशी दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी भांडण्याचा उपयोग नाही.

दुसरी, गाडी दारात आली की गाडीच्या नंबरप्लेटचा, ड्रायव्हरच्या लायसन्सचा आणि विम्याच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढा. यात कोणाचा अपमान नाही. चांगला ड्रायव्हर स्वतःहून कागद पुढे करतो.

तिसरी, भाडं ठरवताना हमाली कोणाची, टोल कोणाचा, गाडी थांबून राहिली तर काय, आणि वाटेत माल दुसऱ्या गाडीत टाकायचा नाही, हे आधी बोला आणि लिहून घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, काही रक्कम पोच मिळाल्यावर.

चौथी, पोच पावतीवर घेणाऱ्याची सही आणि तारीख. पोती किती उतरली, कोणत्या अवस्थेत, तेही लिहायला सांगा.

पाचवी, भरताना वजनाचा मोह नको. दोन पोती जास्त कोंबली की दंड, टायर आणि जीव, तिन्ही धोक्यात.

आणि ज्या गटांना गाडी घ्यायचीच आहे, त्यांनी जरूर घ्यावी. केंद्र सरकारने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस ही योजना सुरू केली, त्यात बचत गटातल्या बायका खेड्यापाड्यांत प्रवासी वाहनं चालवतात. आपल्या तालुक्यात काय सोय आहे, ते उमेदच्या तालुका कक्षात जाऊन विचारा. पण त्याआधी महिनाभर वही ठेवा. वही खोटं बोलत नाही. आधी माल मोजा, मग परतीचं भाडं शोधा, आणि गाडीचा विचार सगळ्यात शेवटी करा.

ज्या कंपन्यांच्या गोष्टी आज सांगितल्या, त्यांच्यापुढे आपली एक पिकअप म्हणजे काहीच नाही. पण त्यातली एक कंपनी एका ट्रकवर सुरू झाली आणि दुसरी एकही ट्रक नसताना. दोघींनी शब्द पाळला आणि हिशोब ठेवला. ते दोन्ही आपल्या हातात आहे.

परवा वैनींचा भाचा सांगत होता, तीर्थपुरीच्या एका गटाने विचारलंय, त्यांचा माल वाटेत घेता येईल का. मी वही उघडली. मंगळवारच्या खेपेत सहा पोत्यांची जागा शिल्लक आहे. तीर्थपुरीच्या मैत्रिणी ऐकत असतील तर सोमवार संध्याकाळपर्यंत नोंद करा. आणि बिल्टी मागायला विसरू नका, आमच्याकडूनसुद्धा.